राजम्माच्या आईला मी घातलेली शपथ

कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमनने दारात टाकलं तेव्हा मी तळेगावच्या घरी तांदूळ निवडत बसले होते. असं कार्ड हातात आलं की माणूस आधी मनातल्या मनात आपल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची यादी करतो. माझ्या यादीत राजम्मा नव्हतीच. माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, माझी विद्यार्थिनी, पुढे लोणावळ्याच्या त्याच शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवणारी... तिने माझ्या आधी जायचं काही कारण नव्हतं. ताप डोक्यात गेला, पाच दिवसांत सगळं आटोपलं, एवढंच कार्डात होतं. खरं सांगते, रडू यायच्या आधी मला तिचा रागच आला. आता दीड महिना होऊन गेला. भेटेल तो म्हणतो, "बाई, तुम्हीच घडवलीत हो तिला!" ऐकून अंगाचा तिळपापड होतो. घडवली म्हणे! मी काय केलं ते एकदा लिहूनच टाकते.

मी लोणावळ्याला मुलींच्या शाळेत लागले तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचं सर्टिफिकेट ट्रंकेत, आणि तोंड हे असं फटकळ. शाळा म्हणजे एक लांबलचक पडवी. तीत वाण्यांच्या गुजराती मुली, गोव्याकडच्या स्वयंपाक्याच्या दोघी, औंढ्याहून चालत येणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरी, आणि खंडाळ्याच्या घाटात रूळ दुरुस्त करणाऱ्या तेलंगी गँगवाल्यांच्या मुली. वर्षातून एकदा डिपुटीसाहेब तपासणीला यायचे आणि त्यांच्या शेऱ्यावर शाळेची अब्रू ठरायची. पुण्याच्या शाळेच्या तोडीस तोड शाळा करून दाखवीन, असं माझ्या मनाने घेतलं होतं. राजम्मा गँगच्या मुकादमाची मुलगी. आठ वर्षांची, डोळे टपोरे, गणितात वाघीण; पण तोंड उघडलं की अर्धं तेलुगू. पहिल्याच तपासणीत साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिने बरोबर दिलं, पण आपल्या भाषेत. साहेब हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला पाटीपूजनाच्या दिवशी तिची आई, नरसम्मा, झेंडू घेऊन शाळेत आली. अंगठाबहाद्दर बाई, मराठी जेमतेम बाजारापुरतं. मी पाटीवर सरस्वती काढली होती, हळदकुंकू वाहिलं होतं. मी तिला म्हटलं, "घरी पोरीशी तेलुगू बोलायचं नाही. मराठीच बोलायचं. दोन भाषांच्या ओढाताणीत तिला धड एकही यायची नाही." ती म्हणाली, "बाई, मराठी येते नाय मला." मी म्हटलं, "येईल तेवढं बोल. पोरगी शिकायला हवी ना?" आणि तिचा हात धरून त्या पाटीवरच्या सरस्वतीवर ठेवला. घे शपथ! तिने डोळे मिटून घेतली. मला वाटलं, काय छान काम केलं आपण. पुण्याला बहिणीला पत्र लिहून कळवलंसुद्धा, अशी मी शहाणी.

नरसम्माने ती शपथ पाळली. आपण हजार शपथा घेतो नि विसरतो. तिने सरस्वतीला हात लावला होता. राजम्मानेच मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, "बाई, आई माझ्याशी आठ-दहा शब्दांतच बोलायची. जेव. झोप. शाळा जा. नळावर बायकांशी घडाघडा बोलत असायची, मी दिसले की गप्प." पोरगी तेलुगू विसरत गेली. व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला आमच्या केंद्रात पहिली आली, ट्रेनिंग करून आमच्याच शाळेत शिक्षिका झाली. मी स्टेशनापर्यंत पेढे वाटले. तिचं मराठी ऐकून लोकांना ती पुण्याची वाटायची आणि मी फुगून जायची. नरसम्मा दारात उभी राहून लेकीकडे नुसती बघायची. तिला काय वाटत होतं, हे विचारायची मला गरजच वाटली नाही.

घाटात विजेची इंजिनं आली, गँगा इकडेतिकडे गेल्या, रेल्वेच्या चाळीतले तेलंगी पांगले. राजम्माचे वडील त्याआधीच वारले होते. अशात नरसम्मा आजारी पडली आणि वाताच्या भरात तिचं होतं नव्हतं ते मराठी पुसून गेलं. दिवसरात्र तेलुगू. राजम्मा सैरभैर होऊन माझ्याकडे आली, "बाई, आई काहीतरी मागतेय हो, मला कळत नाही." मळवलीला एका बंगल्याची राखण करणारा यल्लप्पा म्हणून जुना गँगवाला होता, त्याला आम्ही टांगा धाडून आणवला. तो उशाशी बसला, कान देऊन ऐकलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हातारी इचारती, बाईनी मोकळी केली का? पोरीसंगं आपल्या भाषेत बोलू का?"

मी म्हटलं, "सांगा, मोकळी केली. केव्हाच केली." हे 'केव्हाच' धादांत खोटं होतं. यल्लप्पाने सांगितलं. मग ती बाई लेकीचं मनगट धरून बोलत सुटली ती दिवेलागणीपर्यंत. हसली काय, रागावली काय, काहीतरी गुणगुणलीसुद्धा. यल्लप्पा मराठीत सांगायला लागला तशी राजम्माने त्याला हाताने थांबवलं. "राहू द्या आबा. मध्ये खंड पडला तर परत बोलायची नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी नरसम्मा गेली. तेराव्यानंतर राजम्मा मळवलीला जाऊन यल्लप्पाला विचारून आली. तो म्हणाला, "लय व्हतं, पोरी. ध्यानात न्हाई ऱ्हायलं." एकदा न राहवून मी तिला विचारलं, "तुला माझा राग येत नाही?" ती म्हणाली, "येतो की. पण तुमच्यावर रागावून जाऊ कुठे?"

त्यानंतर तिने शनिवारी शेवटचा अर्धा तास मुलींना आपापल्या घरच्या बोलीत गोष्ट सांगायला लावायचं सुरू केलं. नवे साहेब आले, ऐकलं आणि शेरा मारला, 'वेळेचा अपव्यय.' तो तरी परका माणूस. पण औंढ्याच्या बायका येऊन तिलाच बोलल्या, "बाई, आमची बोली आमाला येतीया. ती शिकाया साळंत कशाला धाडू?" गुजराती वाण्याने तर दोन्ही मुली काढून नव्या इंग्रजी शाळेत घातल्या. ते वारंच आलं होतं. बंगलेवाल्यांपासून हमालापर्यंत ज्याला त्याला इंग्रजी हवं. आमच्या पडवीत पोरी उरल्या सतरा. जिच्या मराठीची मी टिमकी वाजवत हिंडले, ती राजम्मा इंग्रजी येत नाही म्हणून बिगारीच्या वर्गावर बसली, अ आ गिरवून घ्यायला. ज्या भाषेपायी मी तिची आई तोडली, तिलाही आता कोणी विचारत नव्हतं. मी निवृत्त होऊन तळेगावला आले. ती तिथेच राहिली.

गेल्या आठवड्यात तिची खोली आवरायला लोणावळ्याला गेले होते. शेजारची सखूमावशी, शाळेत पाणी भरणारी, शेवटचे पाच दिवस तिच्याजवळ होती. खोलीत होतं तरी काय! दोन लुगडी, भिंतीला लावलेली कॉट, कोनाड्यात तिचा चष्मा. मी विचारलं, "मावशी, शेवटी काही बोलली का गं? माझं नाव काढलं?"

"बोलत व्हत्या की," सखू म्हणाली. "दोन दिस तोंड मिटलं न्हाई. पर मराठी न्हवतं त्ये. कंच्या मुलखाचं व्हतं कुनाला ठावं... बारक्या पोरीवानी बोलत व्हत्या."

म्हणजे कुठेतरी आत ते होतंच. इतकी वर्षं होतं! आणि वर आलं तेव्हा ऐकायला यल्लप्पा नव्हता, चाळीत तेलंगी उरला नव्हता. मी तरी असते तर काय मोठं कळणार होतं मला? मी कॉटच्या कडेला बसले. कुठल्या तोंडाने विचारलं देव जाणे, पण विचारलं, "मग तू काय केलंस?"

सखू ओशाळली. पदराने चष्मा पुसून तिने माझ्या हातात दिला.

"म्या काय करनार, बाई? त्या माज्याकडंच बगत व्हत्या. मला वाटलं, आपल्या आईलाच सांगत्यात कायतरी. म्या आपली व्हय गं, व्हय गं म्हनत बसले."