शेरिल तुस्कानोचा हात

शेरिल तुस्कानो तशी साधी बाई. कॅनडातल्या केंब्रिजच्या कार प्लँटमध्ये सकाळच्या शिफ्टला गाड्यांचे दरवाजे बसवते, रविवारी चर्चमध्ये मासला जाते आणि मास संपेपर्यंत कुणावर ओरडत नाही. मास संपल्यानंतरचं काही सांगता येत नाही. वय बेचाळीस, लग्न केलेलं नाही, आणि दंड असे की प्लँटमधले पुरुष तिला जड सामान उचलायला मदत करू का, असं विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. 'कोयती' नावाच्या चार बायकांच्या रॉक बँडमध्ये ती ड्रम्स वाजवायची. नाव तिनेच ठेवलं होतं. वसईच्या वाडीत केळीचा लोंगर ज्या हत्याराने उतरवतात, त्या हत्याराचं.

हॅमिल्टनच्या बारमध्ये कोयतीचं नाव गाण्यांपेक्षा मारामारीमुळे जास्त झालं होतं, हे आधीच कबूल केलेलं बरं. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात एक दारुडा स्टेजवर चढला आणि त्याने गाणाऱ्या कॅथरिनचे केस मुठीत धरून तिला खाली ओढलं. कॅथरिन म्हणजे शेरिलची मावसबहीण, मूळची ठाण्याची. बारचे दोन सिक्युरिटीवाले हाताची घडी घालून बघत राहिले. शेरिल ड्रम्समागून उठली, झांजेचा लोखंडी स्टँड उचलला आणि त्याच्या खांद्यावर असा घातला की हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेला ऐकू गेला. तो आडवा झाल्यावर तिने आणखी एक घातला. दुसऱ्याची काही गरज नव्हती. पोलीस आले, जबाब झाले, सेल्फ डिफेन्स म्हणून ती सुटली, आणि कुणीतरी काढलेला व्हिडिओ गावभर फिरला. पुढचे तीन कार्यक्रम हाउसफुल्ल. लोक गाणी ऐकायला येत नव्हते, डोकं फुटायची वाट बघत होते. चौथ्या कार्यक्रमात ते फुटलं. भिरकावलेली बाटली कॅथरिनच्या भुवईवर बसली, सात टाके पडले.

टाके निघाले त्या दिवशी कॅथरिनने सांगून टाकलं की आता बस झालं. तिला किंचाळायचं नव्हतं, गायचं होतं. साठच्या दशकात गायचे तसं. गिटारचा स्वच्छ किणकिणता आवाज, मागे ऑर्गन, तिघींचे सूर एकमेकींत मिसळलेले आणि खाली ट्विस्टचा ठेका. डिम्पल ऑर्गन वाजवायची. कोयतीच्या गोंगाटात तिचा ऑर्गन आजवर कुणाला ऐकूच गेला नव्हता, त्यामुळे ती एका पायावर तयार झाली. बेस गिटार वाजवणारी ईशानी सगळ्यांत लहान, पंचविशीची. पुण्याहून वॉटर्लूला शिकायला आली आणि तिथेच टेक कंपनीत चिकटली. तिचीही ना नव्हती. नको म्हणाली ती एकटी शेरिल. का नको, तर "ते लग्नातलं म्युझिक आहे," एवढंच बोलली आणि अंगणातला स्नो शोव्हल करायला निघून गेली.

लग्नातलं म्हणाली, ते अक्षरशः खरं होतं. तिचा बाप पॉल वसईत लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. ट्विस्ट, चा-चा-चा, वॉल्ट्झ, सगळं पाठ. शेरिल सहा वर्षांची असताना तिची आई गेली. घरात तीन मुली, आणि बँड पुढे चालवायला मुलगा नाही. मग पॉलने थोरलीलाच ड्रमपुढे बसवलं. शिकवायची त्याची पद्धत सोपी होती. ठोका चुकला की काठीचा एक फटका, बोटांच्या सांध्यांवर. रडलीस तर दोन. 'सॉरी पप्पा' म्हटलं की मात्र तो थांबायचा, म्हणून ती ठोका चुकायच्या आधीच सॉरी म्हणायला शिकली. दहाव्या वर्षी एका लग्नात, नवरा-नवरी नाचत असताना, तिचा एक ठोका हुकला. पॉल लोकांकडे बघून हसत राहिला. गाणं संपल्यावर तिला मांडवामागे नेऊन त्याने ड्रमच्या पट्ट्याने फोडून काढलं, बक्कल लागून तिची डावी करंगळी मोडेपर्यंत. मग घरी आणून त्यानेच हळद लावली आणि स्वतःच्या हाताने भात भरवला. म्हणून तर तिला त्याचा धड रागही करता आला नाही. गावात लोक कौतुकाने म्हणायचे, पॉलची पोर म्हणजे घड्याळ आहे.

ती एकोणीस वर्षांची असताना सगळे कॅनडात आले आणि तिने मुद्दाम सगळ्यांत कर्कश संगीत धरलं. त्या गदारोळात चुकलेला ठोका कुणाच्या बापाला ऐकू येत नाही, हे त्याचं कारण. मारामारीचं तिला कधी वाईट वाटलं नाही. अंगावर आलेल्याला ती तुडवायची आणि घरी येऊन शांत झोपायची. पण शिकणाऱ्यावर तिने कधी हात उचलला नव्हता. प्लँटमध्ये नवीन आलेल्यांना ती दहा-दहा वेळा तेच दाखवायची, आवाजसुद्धा चढवायची नाही. मी आणि पप्पा यांच्यात एवढाच फरक आहे, आणि तेवढा पुरे, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. पप्पा आता एकोणऐंशीचे, तिच्याच घराच्या बेसमेंटमध्ये राहत होते. त्यांचे हात थरथरत. त्यांची पेज, औषधं, डॉक्टर, सगळं तीच बघायची.

शेवटी कॅथरिनच्या भुवईवरच्या व्रणाकडे बघून ती तयार झाली. कॅथरिनच्या गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी तिने ट्विस्ट धरला आणि बाकीच्या तिघी वाजवायच्या थांबल्या. इतका नेमका ठेका त्यांनी समोरासमोर कधी ऐकला नव्हता. डिम्पल म्हणाली, इतकी वर्षं हे कुठे लपवून ठेवलं होतंस? शेरिलला घाम फुटला होता. तेवीस वर्षांत तिने तो ठेका एकदाही वाजवला नव्हता आणि हात काही विसरलेले नव्हते.

रेकॉर्डिंग हॅमिल्टनमध्ये, ऍलन नावाच्या माणसाच्या स्टुडिओत ठरलं. ऍलन जुन्या टेपवर रेकॉर्ड करायचा, आणि तेही जुन्याच रीतीने. चौघींनी एका खोलीत बसायचं, गाणं एका दमात वाजवायचं, कानात मेट्रोनोमची टिकटिक नाही, मागाहून दुरुस्ती नाही. एक चुकली की चौघी पहिल्यापासून. कॅथरिनला हेच हवं होतं. पण ईशानी बेस शिकली होती मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून, कानात टिकटिक घेऊन. टिकटिकीशिवाय वाजवायचं म्हटल्यावर ती गडबडली. दुसऱ्या कडव्यानंतर सगळं वादन थबकायचं आणि पुन्हा एकदम उठायचं होतं. त्या जागी ईशानी दर वेळी किंचित मागे पडायची.

पाच वेळा झालं. सात वेळा झालं. शेरिल शांतपणे म्हणाली, काही हरकत नाही, पुन्हा घेऊ. नवव्या वेळी तिच्या दाढा आवळल्या गेल्या. शिकणाऱ्याला वेळ लागतो, हे ती मनात घोकत होती, आणि त्याच वेळी तिच्या हातांना दुसरंच काही आठवत होतं. अकराव्या वेळी सगळं जमून आलं. कॅथरिनचा आवाज असा लागला होता की काचेपलीकडे ऍलनने श्वास धरला. वादन थबकलं, पुन्हा उठलं, आणि ईशानी मागे पडली.

ती शेरिलच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर बसली होती. शेरिलची काठी ड्रमवरून उठली आणि ईशानीच्या डाव्या हाताच्या बोटांवर उतरली. पूर्ण ताकदीनिशी, खांद्यातून. मधल्या दोन सांध्यांवरची कातडी फाटली, रक्त बेसच्या तारांवरून खाली ओघळलं, काठीचं टोक तुटून भिंतीवर आपटलं. ईशानी ओरडली नाही. हात पोटाशी धरून ती म्हणाली, "सॉरी, शेरिलताई."

तेवढ्यात कॅथरिन आली. तिने शेरिलच्या तोंडावर ठेवून दिली, मग दोन्ही हातांनी तिला मागे ढकललं. शेरिल ड्रम्ससकट भिंतीवर जाऊन आदळली, झांज तिच्या कपाळाला लागली. शेरिलने हात वर केला नाही. आणखी मार, असंच तिला वाटत होतं. मारणं तिला माहीत होतं आणि खाणंही माहीत होतं. ते सॉरी मात्र तिला सोसवेना.

डिम्पल ईशानीला घेऊन वॉक-इन क्लिनिकला गेली. हाड मोडलं नव्हतं, चार टाके पडले. शेरिल केंब्रिजला परतली आणि तशीच, कपाळावरचं रक्त न पुसता, बेसमेंटमध्ये उतरली. काय झालं ते तिने बापाला सगळं सांगितलं. त्याला लाज वाटावी, निदान एकदा त्याने मान खाली घालावी, म्हणून सांगितलं. पॉल पेज पीत होता. त्याने चमचा खाली ठेवला.

"कुठल्या हाताला मारलंस?"

"डाव्या."

त्याने समाधानाने मान हलवली. "बरं केलंस. आता नाही चुकायची ती."

दोन आठवड्यांनी ईशानी परत येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. ती आली. बोटं सुजलेली, सांध्यांवर काळेनिळे डाग. शेरिलने माफी मागितली. फोनवर मागितली होती, तोंडावर पुन्हा मागितली. ईशानी शेरिलपासून लांब, ऑर्गनच्या पलीकडे जाऊन बसली आणि बेस सुरात लावू लागली.

पहिल्याच दमात गाणं झालं. ती जागा आली, वादन थबकलं, पुन्हा उठलं, आणि ईशानी केसभरही मागे पडली नाही. ऍलनने काचेपलीकडून अंगठा दाखवला. कॅथरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. पण शेरिलने त्या क्षणी ईशानीकडे बघितलं होतं. ईशानी स्वतःच्या बोटांकडे बघत नव्हती. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते आणि डोळे शेरिलच्या उजव्या हातावर खिळले होते. पप्पाचं म्हणणं खरं ठरलं होतं. मार लागू पडला होता.

ती उठली आणि ऍलनला म्हणाली, हा टेक पुसून टाक. कॅथरिन खवळली. इतकं चांगलं आपण आयुष्यात वाजवलेलं नाही, तुझं डोकं फिरलंय का, असं बरंच बोलली. शेरिल म्हणाली की हे चांगलं वाजलेलं नाही, हे भीतीने वाजलंय, आणि मला ते ठेवायचं नाही.

"नो," ईशानी म्हणाली. ती इतका वेळ गप्पच होती, त्यामुळे सगळ्या वळल्या. "डिलीट नाही करायचा. हा टेक माझा आहे. मी टाके असताना रोज प्रॅक्टिस केलीय. यू फील गिल्टी, म्हणून मी माझं काम परत देऊ?"

शेरिल काहीतरी बोलायला गेली. ईशानीने तिला बोलू दिलं नाही.

"टेक राहील, शेरिल. तुम्ही राहायचं नाही. नाहीतर मी जाते."

नावापुढचं ताई गळून पडलं होतं. शेरिलने कॅथरिनकडे बघितलं. जिच्यासाठी तिने माणसाचं हाड मोडलं होतं, ती कॅथरिन खाली जमिनीकडे बघत होती. डिम्पल ऑर्गनची वायर गुंडाळायला लागली होती. शेरिलच्या डोक्यात रक्त चढलं. ही कालची पोर मला काढणार? नाव माझं, ठेका माझा, आणि मला? तिची उजवी मूठ वळली. खोलीतल्या सगळ्यांनी ते बघितलं. ईशानी एक पाऊल मागे सरकली, टाक्यांचा हात तिने छातीशी धरला, पण नजर काढून घेतली नाही. ती भ्यायली होती आणि तरीही बोललेलं मागे घेत नव्हती.

शेरिलला अशी हिंमत त्या वयात कधी झाली नव्हती. तिला त्या मुलीचा हेवा वाटला. तिने मूठ सोडली. ड्रम्स सुटे करायला तिला अर्धा तास लागला. दर वेळी एखादी तरी हात लावायची, त्या दिवशी कुणी पुढे झालं नाही. ऍलनने फक्त दार धरून ठेवलं. बाहेर वितळत्या बर्फाचा स्लश साचला होता, ड्रम्स गाडीत ठेवेपर्यंत तिचे बूट भिजले.

घरी आली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पॉल जेवणासाठी थांबून राहिला होता. तिने बांगड्याचं कालवण गरम केलं, भात वाढला, काटे काढून दिले.

"जमलं?" त्याने विचारलं. "आली ती ठोक्यावर?"

"आली. आणि तिनं मला बँडमधून काढलं."

पॉल हसला. तुझ्याशिवाय ठेका कोण धरणार, चार दिवसांनी पाय धरत येतील बघ, असं म्हणत त्याने भात कालवायला घेतला. शेरिल त्याच्या समोर बसली. बोलायचं नाही असं ठरवूनच ती खाली उतरली होती, तरी तोंडातून निघून गेलं.

"तुलापण कुणीतरी असंच काढायला पाहिजे होतं, पप्पा. मी सात वर्षांची होती तेव्हाच."

पॉलचा घास हातातच राहिला. त्याने रागवावं, अंगावर ओरडावं, म्हणजे आपल्यालाही ओरडता येईल, असं तिला वाटत होतं. तो रागावला नाही. अगदी साधी गोष्ट सांगावी तसं तो म्हणाला, "मला कोण काढणार होतं? तुझी आय नव्हती. घरात तुम्ही पोरीच होत्या."

ते खरं होतं. शेरिलने पाण्याचा ग्लास त्याच्या हाताजवळ सरकवला आणि त्याचं जेवण होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली.