गळा वाचणारे साडू

परळ-नायगावात आजवर जितके बहिरे झाले, त्यांत गाणाऱ्या पक्ष्यांबद्दल इतक्या अधिकाराने बोलणारा माणूस आमच्या थोरल्या साडूंखेरीज दुसरा झाला नाही. गिरणीच्या विणखात्यात, मागांच्या खडखडाटात, त्यांनी कान घालवले आणि ओठ वाचायची विद्या कमावली. तिथे सगळेच ओठांवरून बोलत. गिरणी बंद पडल्यावर बाकीच्यांनी ती विद्या सोडली. साडूंनी समोरच्या चाळीवर चालवली. पलीकडच्या गॅलरीतल्या बायका काय कुजबुजताहेत ते हे मोठ्याने सांगत आणि मिटलेली भांडणं पुन्हा पेटत. बायका तोंडावर पदर धरूनच बोलू लागल्या, तेव्हा साडू पक्ष्यांकडे वळले असं माझं मत आहे.

रविवारी सकाळी आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी पक्षी पाहायला बागेत जमत असू. अक्षर बरं म्हणून नोंदवही माझ्याकडे. साडू "हलू नका" असं कुजबुजत, आणि त्या कुजबुजीने कावळेसुद्धा उडत. पक्ष्याचा गळा पाहून तो काय गातोय ते सांगायचा त्यांचा हट्ट. "बुलबुल आज घाईत हाय, अर्धं गिळतोय." आम्ही हसायचो. राग याचा यायचा की बहुतेकदा ते बरोबर निघत. एकदा मी सर्वांना दाखवलेला गरुड त्यांनी सर्वांदेखत घार ठरवला. "साडूभाऊ, गरुड परळात काय इस्पितळाचं औषध न्यायला येतोय?" महिनाभर मंडळी मला गरुड म्हणत होती.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी, बाकीचे यायच्या आधी, बदामाच्या पानांत एक काळं डोकं आणि काळा गळा दिसला. बाकी अंग झाकलेलं. आपल्याकडच्या रोजच्या दयाळाचंही डोकं असंच असतं. साडू बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "श्यामा." श्यामा हा सावंतवाडीकडच्या रानातला गवई, आमच्या वहीत तो कधीच नव्हता.

"ल्हानपणी परसात गायचा. दयाळाचा दम येवढा लांब नाय. तुम्ही ऐकताय ना?"

मी ऐकत होतो. साडूंचं गाव तिकडचंच, आणि आम्हा दोघांची सासुरवाडीही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी हेच गाणं ऐकलं होतं.

मंडळी आली तोवर पक्षी उडाला होता. "बहिऱ्याने गाणं ओळखलं होय?" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे माझ्याकडे वळले. तिथे कान फक्त माझे होते.

"दयाळच होता," मी म्हणालो, आणि वहीत लिहिलं: दयाळ, एक.

साडू माझ्याकडे पाहत होते. ते भांडले नाहीत. "तोंड दयाळ म्हणतंय तुमचं, साडूभाऊ. गळा काय तरी येगळंच म्हणतोय." त्यानंतर ते बागेत आले नाहीत.

पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी कबुली द्यायला गेलो. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीच धूसर. माझे ओठ त्यांना दिसेनात. शेवटी कानाशी ओरडलो, "श्यामा होता!" शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला आणि म्हणाला, "कोण श्यामा?" साडू शांतपणे घोरत होते. पट्टी सुटल्यावर सांगू म्हटलं, पण तोवर माझा धीर सुटला. मग चाळ पाडायला निघाली, साडू गावी गेले आणि तिथेच वारले.

काल मी वहीतलं ते पान काढून 'दयाळ' खोडलं आणि 'श्यामा' लिहिलं. ओळखणारा म्हणून त्यांचं नाव घातलं, ऐकणारा म्हणून माझं. आता माझेही कान गेले, कानात यंत्र आहे. ते नुसतं शिट्टी मारतं. सकाळी खिडकीत दयाळ येऊन बसतो, चोच उघडतो, मिटतो. मी त्याच्या गळ्याकडे बघत राहतो, पण मला अक्षर लागत नाही. साडू असते तर त्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं असतं, आणि दयाळ उडून गेला असता.