भोंग्यावर वाढलेली पिल्लं

"हाड! हाड! निंघ येथून! निंघतं का घालू दगड?"

माझी आई ओरडत होती आणि ते ओरडणं ऐकून आमची तिन्ही पिल्लं शेपट्या हलवत, एकमेकांच्या अंगावरून गडगडत आवाजाकडे धावत सुटली होती. शेजारचा म्हातारा काठी घेऊन अंगणात आला, कारण आईचा आवाज त्या पट्टीला गेला की एक तर साप निघालेला असतो, नाहीतर भाऊबंदकी. त्याला दिसलं काय, तर आई ओट्यावर तोंड मिटून शेंगा सोलत बसलेली, आणि तिचाच आवाज अंगणातल्या भोंग्यातून. भोंग्याखाली दुधाची परात आणि परातीत पिल्लं.

तो भोंगा मूळचा शेतातला. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात शिरू नयेत म्हणून आमच्याकडे आता जो तो बांधावर भोंगा लावतो. त्यात आवाज भरून ठेवायचा. दिवस मावळला की तो आपोआप सुरू होतो, थोडा वेळ ओरडतो, दम खातो, पुन्हा ओरडतो. लोक त्यात फटाके भरतात, वाघाची डरकाळी भरतात. मी आईला भरलं. केनवडच्या बाजारात तिने कांदेवाल्याला झापलं तर रिसोडचा कांदेवाला माप सुधारतो, असा तो गळा. भोंगा पहिल्यांदा वाजला तेव्हा डुकरं तर पळालीच, पण शेजारच्या शेतात जागलीला बसलेला गडीही मचाण सोडून घरी गेला आणि त्याने बायकोची माफी मागितली, असं म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो.

पिल्लं आमच्या कुत्रीने सोयाबीनच्या कुटारात, मळणीनंतर उरलेल्या भुशात, घातली होती. दोन दांडगे नर. त्यांना डोळे उघडायच्या आधीच गिऱ्हाईक लागलं. तिसरी मादी, बारकी. मादी कोणी नेत नाही. अशा पिल्लाचं शेवटी काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक असतं, पोत्यात घालून लांबच्या धाब्यावर सोडून येतात. त्यातून ही एवढीशी, की भाऊ तिला दुधाला लागू देईनात. आई कापसाच्या बोळ्याने तिला दूध पाजायची, आणि पाजताना तोंड चालूच, "मर्तुकडं मेलं, कवा जातं घरातून."

जऊळक्याचा मामा तेवढा तिला न्यायला तयार झाला. अट एकच, पिल्लू भित्रं नको. त्याचं घर स्टेशनाला खेटून. आधीचं कुत्रं इंजिनाची शिटी झाली की पलंगाखाली शिरायचं, आणि मामाचं अर्धं आयुष्य त्याला बाहेर ओढण्यात गेलं.

मग मी पिल्लांना धीट करायचं मनावर घेतलं. पिंप बडवलं, मोटरसायकल रेटली, गावातल्या शहाण्या-येड्या सगळ्यांच्या मांडीवर पिल्लं फिरवली. सोयाबीन निघालं होतं, हरभरा उगवायचा होता, भोंगा रिकामाच होता. तो घरी आणला. दूध ठेवायचं की भोंगा सुरू. आठवडा गेला नाही तोच पिल्लं अशी तयार झाली, की ढग फाटला असता तरी त्यांनी जांभई दिली असती.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पिल्लांची भीती मेली एवढंच नव्हतं, त्यांच्या लेखी 'हाड' म्हणजे दूध झालं होतं. गल्लीतून जाणाऱ्या एका स्कूटरवाल्याने त्यांना हाड म्हटलं आणि बारकी थेट त्याच्या चाकाकडे पळाली. बायकोने तिला कशीबशी उचलली.

"एखांद्या दिवशी चाकाखाली जाईन हे," ती म्हणाली. "मंग कोनाले शिकोसान?"

मी हसलो, पण त्या दिवसापासून घरात ओरडायला बंदी केली. आई खुणांनी बोलू लागली. तिचं तोंड बंद पाहून लोक तब्येत विचारायला येऊ लागले.

हरभरा वर आला तशी डुकरंही आली. मी भोंगा परत शेतात नेला, दुपारी पूर्ण आवाजात वाजवून पाहिला आणि घरी आलो. शेत मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. रात्रंदिवस ट्रक.

संध्याकाळी दूध ठेवलं तर दोनच पिल्लं आली.

कुटार उपसलं, नालीत हात घातला, कणगीमागे पाहिलं. हाक तरी काय मारणार? तिला येत होती ती एकच हाक, आणि रस्ता एवढ्या जवळ असताना ती मारायची कोणाची छाती नव्हती. सूर्य बुडाला, आणि रस्त्यापलीकडून आईचा आवाज आला, "हाड! निंघ येथून!"

अंगणात उभी असलेली आई आपलाच आवाज ऐकून थिजली. "तिकडं गेली ते," म्हणाली आणि पळत सुटली. ज्या गुडघ्यांना देवळाची पायरी झेपत नव्हती, त्यांनी मला मागे टाकलं.

रस्त्याच्या पलीकडे, बांधावर, भोंग्याखाली बारकी बसली होती. तोंड वर करून, आता दूध पडेल म्हणून. मधून ट्रक जात होते. तेवढ्यात भोंग्याने दम खाल्ला. बारकीने इकडेतिकडे पाहिलं आणि तिला आई दिसली. ती उठली. उतार उतरून डांबराच्या कडेला आली.

मी तोंड उघडलं तर आईचा पंजा माझ्या तोंडावर. दुसरा तिच्या स्वतःच्या तोंडावर. जिच्या हाकेने तालुका दचकायचा ती बाई मुकी उभी होती. ट्रकने हॉर्न दिला. कुठलंही भित्रं पिल्लू शेपूट घालून पळालं असतं. बारकी हलली नाही. धीट मीच केली होती. तिने पुढचा पाय डांबरावर ठेवला.

"हाड!" भोंगा म्हणाला. "घालू का दगड?"

बारकी गर्रकन वळली आणि बांधाकडे पळाली. ट्रक आमच्यासमोरून गेला तेव्हा आईचा पदर वाऱ्याने माझ्या डोक्यावर आला. पलीकडे जाऊन आईने पिल्लू उचललं आणि ती हरभऱ्यातच खाली बसली. वर भोंगा तिलाच शिव्या देत होता. मला बंद करायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आला. बारकी त्याच्या मोटरसायकलखाली झोपली होती. पारख म्हणून त्याने हॉर्न दाबून धरला. बारकीने एक कान हलवला आणि कूस बदलली.

"बाई, हे तं वाघ हाय वाघ," मामा खूश होऊन म्हणाला. "आन इकडं, पिशवीत घालतो."

आईने वाकून पिल्लू उचललं, पदराखाली घेतलं.

"भित्रं हाय ते," ती म्हणाली. "तुयाकडं नाही चालनार."