काळी तार, लाल तार

सिंधू गेली हे मला तिच्या सुनेने, मेघनाने, फोनवर सांगितलं. "मावशी, आई बाजारात गेल्या होत्या... तिथेच..." एवढंच. मी काय बोलले ते आठवत नाही. फोन ठेवला, चपला घातल्या, पुन्हा काढल्या. तेव्हापासून माझं असंच चाललंय, एका जागी बूड टेकत नाही. खरं तर हा सिंधूचा स्वभाव. जाताना माझ्या गळ्यात मारून गेली की काय, असं वाटतं आणि तिचा रागही येतो.

मुंबईत घोडपदेवला आमच्या चाळी पाठीला पाठ लावून उभ्या होत्या. सिंधूचे वडील शिंपी. सगळे त्यांना दादा म्हणत. चाळीच्या जिन्याखाली त्यांचं मशीन आणि मशीनशेजारी लाकडी पेटीत ती मोठी, जड कात्री. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रस्त्यावर घोषणा, भिंतींवर घोषणा, आणि घरात सिंधू, जी भाकरीसुद्धा उभ्याने खायची. एका सकाळी दादा मशीनवर फडकं टाकून सत्याग्रहाला गेले ते तुरुंगातच जाऊन बसले. इकडे पावसात जिना गळला आणि पेटीतली कात्री गंजून तांबडी झाली. दोन्ही पाती एकमेकांना अशी चिकटली की उघडेनात.

आमचं मॅट्रिकचं वर्ष होतं. सिंधूला पुढे सायन्सला जायचं होतं आणि दादांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मॅट्रिक झालीस की मशीनवर बस. त्यामुळे कात्रीचा गंज पाहून तिची आई रडली, पण सिंधूचे डोळे चमकले. दादा सुटून यायच्या आत कात्री लखलखीत करायची, त्यांच्या हातात ठेवायची आणि त्याच घटकेला कॉलेजचं विचारायचं, असा तिचा बेत. "त्या वेळी नाही म्हणायला त्यांची जीभच उचलणार नाही बघ," ती मला म्हणाली.

शाळेत बाईंनी विजेचा एक प्रयोग दाखवला होता, तो हिने घरी आणला. शेजारच्या टॅक्सीवाल्या मामांची जुनी बॅटरी मागून आणली. आईची लोणच्याची मोठी बरणी घेतली, तीत पाणी आणि धुण्याचा सोडा. एका बाजूला मोडक्या ट्रंकेचा पत्रा, दुसऱ्या बाजूला कात्री, दोन्ही एकमेकांना लागणार नाहीत अशी. बॅटरीच्या धन टोकाची लाल तार पत्र्याला, ऋण टोकाची काळी तार कात्रीला. कात्रीभोवती बारीक बुडबुडे सुटायला लागले आणि सिंधू व्हरांड्यात नाचली. तेवढ्यात रस्त्यावरून मोर्चा चालल्याचा आवाज आला. झालं! "मी आलेच गं आई," म्हणत ती जिना उतरलीसुद्धा. तिच्यामागे मी. बरणीत काय चाललंय, कशाला हात लावायचा नाही, हे आईला सांगायला थांबणं तिला कुठलं जमायला?

त्यांच्याकडे दसऱ्याला त्या कात्रीला हळदकुंकू वाहत. आमच्या घरातले देव वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर नुकतेच उतरवले होते, म्हणून मला त्या काळ्या तारेत काही वावगं दिसलं नव्हतं. सिंधूच्या आईला दिसलं. पूजेचं हत्यार, ज्याचं ते, तो माणूस तुरुंगात, आणि हत्याराला काळं बांधलेलं! त्या माउलीने काळी तार सोडून पत्र्याला लावली आणि लाल तार कात्रीला. बुडबुडे येतच राहिले, म्हणजे सगळं ठीक असणार, असं तिला वाटलं.

आम्ही संध्याकाळी परतलो. बरणीतलं पाणी गढूळ, लालभडक. पत्रा साफ झाला होता आणि गंजाऐवजी कात्रीच झिजत होती. धारेला खड्डे पडले होते, उंदराने कुरतडल्यासारखे. सिंधू ओरडली, "कोणी केलं हे?" आई म्हणाली, "अगो, घरचो माणूस तुरुंगात, नि तू त्येच्या कात्रीक काळा बांधतंस?" पहिल्यांदाच सिंधू मटकन खाली बसलेली मी पाहिली.

दादा सुटून आले. गळ्यातले हार काढायच्या आधी त्यांनी पेटी उघडली. सिंधूने सांगितलं, "माझ्याकडून खराब झाली." आईचं नाव घेतलं नाही. दादांनी कात्री फडक्यात गुंडाळली. त्यानंतर ते तिच्याशी बोलेनात. उसन्या कात्रीवर कापड बेतायचे आणि मान वर करायचे नाहीत. कॉलेजचा विषय संपला, असं आम्ही धरून चाललो.

मग एका सकाळी सिंधूची आईच आपली गंजलेली विळी घेऊन जिन्याखाली आली. "तार मीया बदललंय," ती नवऱ्याला म्हणाली, आणि सिंधूला, "आता ह्या विळयेचो गंज काढून दाखव. काय कशाक करतंस ता सांगान कर." सिंधू बसली. धन टोक, ऋण टोक, कोण गंज सोडतं, कोण झिजतं, सगळं आईला कळेल असं सांगत गेली. घाई नाही, उड्या नाहीत. काळी तार विळीला आईने स्वतःच्या हाताने बांधली. पातं बाहेर आलं ते काळपट होतं, ब्रशने घासल्यावर लख्ख झालं. दादांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"कॉलेजात ह्यांच शिकवतत?"

"ह्याच्या पुढचं, दादा."

"मग जा. पण घरातून भायर पडताना माणसाक सांगान पड."

ती शिकली, तिने जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. चुळबुळ गेली नाही. पण कुठेही निघताना दारात थांबून गॅसवर काय आहे, कधी उतरवायचं, ती कधी परतणार, सगळं सांगायची. आम्ही हसायचो.

परवा धीर करून अँटॉप हिलला तिच्या घरी गेले. गॅलरीत प्लॅस्टिकची बादली, तिच्यावर चार्जरच्या दोन तारा, बटण बंद. पाण्यात मेघनाच्या माहेरची गंजलेली खवणी. "त्या दिवशी बाजारात निघताना आईंनी मला सगळं समजावलं होतं, मावशी," ती म्हणाली. "संध्याकाळी बटण बंद कर, मी नाही आले तर तूच काढून घास, म्हणाल्या. बटण बंद केलं... पण काढायला हात होत नाही."

मी म्हटलं, "ब्रश आण." आणि पदर खोचून बादलीपाशी खाली बसले.