तांबडीची टर्की पिलं

गोठ्यापल्याड तांबडी कोंबडी ओरडली, की इकडे जाळीत टर्कीची पाच पिलं माना उंच करतात.

आमच्याकडे टर्कीची अंडी गावरान कोंबडीखाली उबवतात. तांबडीने सात पिलं काढली. तिच्याएवढी झाली तरी ती तिच्याच पंखाखाली डोकी खुपसायची. मग दोन पिलं पिवळी शीट टाकत मेली.

घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच, तेही गुराकोंबड्यांच्या डॉक्टरकीचं. आईला म्हणालो, “तांबडीच्या पोटातल्या जंतांमुळं पिलांना रोग लागतो. तिला काही होत नाही. पण तिला लांब ठेवावं लागेल.”

“जिनं उबवलं तिच्यापासनंच तोडायचं? हेच शिकलास व्हय एवढी वर्षं?”

पण आईनंच तांबडीला पदराखाली घेऊन पलीकडे नेलं. मी पिलांची जागा बदलली, औषध सुरू केलं.

पाचही पिलं आता दाणे टिपतात. आई रोज तांबडीपुढे मूठभर ज्वारी टाकते आणि खाली बसून सांगते, “खात्यात गं तुझी पोरं. बरी हायती.”

मी वसतिगृहात होतो, तेव्हा आईला असं येऊन सांगणारं कुणी नव्हतं.