कुलपातलं खरबूज

देगलूरच्या बाजारामागच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक आहे : सुलतानबी सुनेला उपाशी ठेवते. पुरावा म्हणजे तिच्या फ्रिजचं कुलूप. दाराला कडी ठोकून लावलेलं, चांगलं मुठीएवढं. "फ्रिजला कुलूप कोन लावतंय गं बाई? पोरीनं दूध पिऊ न्हाई म्हनून, दुसरं काय!" असं पंचफुलाबाई नळावर सांगतात. सांगताना आवाज इतका खाली आणतात, की पलीकडच्या गल्लीलाही नीट ऐकू जातं.

आता खरं ऐका. सून जिक्रा चांगली गुटगुटीत आहे, आणि घरात दुधाचा फ्रिज वेगळा आहे. कुलपाच्या फ्रिजमध्ये दुधाचा थेंब नाही. आत बी आहे. वरपासून खालपर्यंत बरण्याच बरण्या, झाकणांना मेण लावलेलं, आणि प्रत्येकीत एखाद्या गावाचं वांगं, दोडका नाहीतर भेंडी गाढ झोपलेली.

सुलतानबी बाजारात बांगड्या भरते. बायकांचा हात हातात घेऊन, दाबून मऊ करत ती पहिला प्रश्न विचारते, "घरी सासूच्या वक्ताचं काय बी हाय का गे?" हात तिच्या मुठीत, निम्म्या बांगड्या चढलेल्या, बाई पळणार कुठं? पुढच्या बाजाराला येताना पदराच्या गाठीत चिमूटभर काहीतरी घेऊनच येते. नायगावचं काटेरी वांगं असंच आलं. रेणापूरची भेंडीही तशीच. दोन-तीन वर्षांनी सुलतानबी थोडं थोडं बी ओळखीच्या शेतात लावून घेते आणि नवं धरून पुन्हा बरणीत भरते.

एक बरणी मात्र कधीच उघडली नव्हती. तिच्यात अब्बांचं खरबूज होतं.

तिचे अब्बा, अकरममियां, नदीच्या वाळूत खरबूज लावायचे. पुढं वाळूचे ट्रक आले, वाळू गेली, नदीत खड्डे राहिले. त्याच साली अब्बाही गेले. शेवटच्या फळाचं बी सुलतानबीनं धुतलं, सावलीत वाळवलं. मग कोरडं मीठ आणि थोडं बी एका बाटलीत घालून हलवलं. मीठ काचेला चिकटलं, तर बी अजून ओलं. मीठ सुटं राहीपर्यंत तिनं धीर धरला. मग बरणीत बी, आणि बीसोबत फडक्यात बांधलेले भाजलेले तांदूळ.

"तांदूळ कशाला?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "भाजलेला तांदूळ प्यासा ऱ्हातो. आतलं पानी तो पितो, बीला पिऊ देत न्हाई." मग बरणी उजेडात धरायची, आणि गल्लीत भाजीवाल्याशी तारस्वरात भांडणाऱ्या या बाईचा आवाज एकदम तान्ह्या पोराच्या पाळण्याशेजारचा व्हायचा. "मेलं न्हाई हां हे. सास चालू हाय. लई हळू. माझा मुज्तबा पोटात बी नव्हता, तवापासून झोपलंय."

मुज्तबा म्हणजे जिक्राचा नवरा. त्याला आता दाढीत पांढरा केस दिसतो.

यंदा श्रावणात कुलपाचा फ्रिज बंद पडला. सुलतानबी दुकानात होती. फ्रिज दुरुस्त करणारा नागप्पा आला. "आतलं सगळं काढा की वो. कॉम्प्रेसर बसलाय बघा," म्हणाला. जिक्रानं दुकानातून किल्ली आणली, बरण्या ओट्यावर मांडल्या आणि पहिली जी हाताला आली तिचं मेण काढून झाकण उघडलं. बाहेर झिमझिम, भिंतींना ओल. गार बियांवर बघता बघता दव उतरलं.

सुलतानबी घरी आली तेव्हा अब्बांचं बी घामाघूम झालं होतं.

"अम्मी, मैं तो हवा लगनेकू खोली," जिक्रा रडवेली होऊन म्हणाली.

गल्लीनं कान टवकारले. पण सुलतानबी ओरडली नाही. ती खालीच बसली. गार बरणी तशीच बंद ठेवायची, घराइतकी कोमट झाल्यावरच उघडायची, हे तिनं बांगड्या भरता भरता अर्ध्या तालुक्याला शिकवलं होतं. सुनेलाच सांगायचं राहिलं. किल्ली आपल्याच कमरेला, मग सांगायचं कशाला?

"चूक माझी हाय. उठ, तांदूळ भाज," ती म्हणाली.

बी पुन्हा सुकवायला ठेवलं. पण जीव राहिला की गेला, ते कसं कळणार? तिनं मूठभरातलं चिमूटभर बी ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि पोटाशी, साडीच्या आत, कमरेला बांधलं. बांगड्या भरताना, नमाज पढताना, निजताना, फडकं अंगाशीच. कुणी धक्का दिला की म्हणायची, "हळू गे, मी अंड्यावर बसलीय."

वरच्या मजल्यावरून हे सगळं बघणारी, म्हणजे हे लिहिणारी, खाली उतरून म्हणाली, "चाची, इतकं जुनं बी, त्यात भिजलेलं. एक उगवायचं नाही. लावा पैज."

"काय लावती?"

"उगवलं तर खरबूज लावायला लागेल तेवढी वाळू मी गच्चीवर वाहीन. उगवलं नाही तर महिनाभर बांगड्या फुकट."

"मंजूर. जिक्रा, तू गवाह."

पाचव्या दिवशी सकाळी सुलतानबीनं कमरेचं फडकं सोडलं आणि डोळे मिटून जिक्राच्या हातात दिलं. "तूच खोल." जिक्रानं एकेक घडी उलगडली. नवा कॉम्प्रेसर बसवायला आलेला नागप्पा फ्रिजचं दार धरून तसाच उभा राहिला. दोन-तीन बिया तशाच होत्या. बाकी सगळ्यांच्या टोकातून पांढरीशुभ्र मुळं आली होती, बाळाच्या नखासारखी. नदी गेली, अब्बा गेले, मुज्तबाची दाढी पिकायला लागली, आणि हे आत्ता जागं होत होतं. दारातून डोकावणाऱ्या पंचफुलाबाईसुद्धा आत येऊन फडक्यावर वाकल्या.

सुलतानबीनं डोळे उघडले, पदरानं पुसले, पुन्हा पाहिलं. मग मान वर केली.

"हौ गे पोरी, पोतं कुठंय तुझं? बारीक वाळू आन. खडे नक्को."