अडुसष्ट गुणांची लोवेना

लोवेना पेनरोझ बसड्रायव्हरची मुलगी. बाप डेन्झिल इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलात रेडरूथ ते फॉल्मथ बस चालवायचा, आई हेझल दाताच्या डॉक्टरकडे पेशंटांची नावं नोंदवायची. घरात विद्यापीठाची पायरी चढलेली ही पहिलीच. सतराव्या वर्षी तिनं फॉर्मवर अर्थशास्त्र लिहिलं आणि इंग्लंडच्या पार उत्तरेकडच्या एका विद्यापीठात जाऊन पडली. तिथं एकदा लिहिलं ते लिहिलं. विषय बदलायचा म्हटलं की लोक ठरलेलं लग्न मोडल्यासारखा आवाज खाली आणत.

दोन वर्षं तिनं आलेख काढले. मागणीची रेघ खाली, पुरवठ्याची वर. दुकान मात्र एकही दिसेना. लोवेनाला धंदा शिकायचा होता. शेवटी ती आपल्या मार्गदर्शकांकडे, डॉक्टर थ्वेट यांच्याकडे गेली.

"सर, अमेरिकेत, ओहायोला एक बिझनेस स्कूल आहे. पदवीलाच धंदा शिकवतात. इथली दोन वर्षं धरून मधूनच घेतात म्हणे."

"कल्पना मजेशीर आहे," थ्वेट म्हणाले. त्यांच्या भाषेत याचा अर्थ 'डोकं फिरलंय का तुझं' असा होता, आणि तो लोवेनाला नीट कळला. तरी तिनं शिफारसपत्र मागितलंच.

त्यांनी लिहिलं: 'कुमारी पेनरोझ यांचं काम बऱ्यापैकी असतं. वर्गात त्या क्वचितच निरर्थक बोलतात. त्या गेल्यास आमची थोडी गैरसोय होईल.'

पत्र टाइप करणारी बाई मधेच थांबली. "इतकं चांगलं लिहायचं, सर?" वीस वर्षांत थ्वेटनी कुणाबद्दल एवढ्या मायेनं लिहिलं नव्हतं.

गुणपत्रिकेवर अडुसष्ट, सहासष्ट, एकाहत्तर, चौसष्ट. त्या विद्यापीठात सत्तरी ओलांडणाऱ्याकडे लोक जाता-येता वळून बघत. अडुसष्ट म्हणजे घरी फोन करून सांगावेत असे गुण. अमेरिकेत हिशेब वेगळा असतो, सत्तरच्या आत म्हणजे जेमतेम पास, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून लोवेना कचेरीतल्या ऑर्मेरॉडबाईंकडे गेली. "खाली एक ओळ लिहून द्याल का? इथं सत्तर म्हणजे काय, एवढंच."

"गुण म्हणजे गुण," ऑर्मेरॉडबाई म्हणाल्या. "त्यात समजावण्यासारखं काय आहे?" गुणपत्रिका तशीच ओहायोला गेली.

ईस्टरच्या सुटीत रेडरूथला फोन वाजला. डेन्झिलनं घेतला आणि रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाला, "पोरी, अमेरिकेतली बाई आहे. रडतीये का हसतीये कळत नाही."

ती प्रवेश कचेरीतली डार्लीन कोवालचिक होती. "बाळा, तुझे गुण बघितले मी," डार्लीन म्हणाली. "अजिबात लाजायचं नाही. पडतो तोच उठतो, हो ना? आणि तो कोण थ्वेट! 'क्वचितच निरर्थक बोलते' म्हणे. दगड आहे का माणूस? पोटच्या पोरीसारखी मुलगी, तिच्याबद्दल असं लिहितात?"

"तसं नाही हो," लोवेना म्हणाली. "ते गुण तसे फार वाईट नाहीयेत."

"शाबास! हीच जिद्द पाहिजे!"

"म्हणजे... वर्गात मी दुसरी होते."

मग डार्लीन हळूच म्हणाली, "अरे देवा. मग बाकीच्यांचं काय होत असेल?"

आपण हुशार आहोत असं स्वतःच्या तोंडानं सांगणं लोवेनाला कुणी शिकवलंच नव्हतं. डार्लीननं तिला 'नवी सुरुवात' नावाच्या योजनेत घातलं. अभ्यासात आपटलेल्या आणि पुन्हा उभं राहू बघणाऱ्या तीस मुलांसाठी ती योजना होती. फी माफ, राहणं फुकट. डेन्झिलनं सगळं ऐकलं आणि चहा ढवळत म्हणाला, "नापास झालीस म्हणून बोलावतायत? हे आधी कळलं असतं तर एवढा अभ्यास कशाला केला असतास?"

ओहायोत तिला पहिल्यांदा पायाभूत गणितात बसवलं. शेजारच्या बाकावर रॉनी स्टोव्हर, सत्तावीस वर्षांचा, कारखान्यात वेल्डिंग करून आलेला. अपूर्णांक बघितले की त्याच्या कपाळावर घाम यायचा.

"ए इंग्लंड, हे खालचे आकडे सारखे कशाला करायचे?"

"मी कॉर्नवॉलची."

"ते कुठंय?"

"इंग्लंडात. पण कॉर्नवॉलच्या माणसाला तसं म्हणायचं नसतं."

ती त्याला रोज शिकवायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं सत्राची सगळी गणितं संपवली. शिक्षक हॅस्केल हरखून गेले. ही तिची हुशारी असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. योजनेचा चमत्कार, असं त्यांनी डीनला कळवलं. माहितीपत्रकावर लोवेनाचा फोटो छापला गेला, खाली ओळ: 'अपयशाच्या गर्तेतून शिखराकडे'. फोटोत ती खरंच गर्तेतून आल्यासारखी दिसत होती, कारण आदल्याच दिवशी तिची अक्कलदाढ काढली होती.

नोव्हेंबरात देणगीदारांचं जेवण झालं. आपल्या अपयशाबद्दल चार शब्द बोल, असं तिला सांगितलं. लोवेनानं ठरवलं, आज खरं बोलायचं. ती उभी राहिली. आमच्याकडे अडुसष्ट म्हणजे उत्तम, मी कधीच नापास झाले नव्हते, हे सगळं ती मोजक्या शब्दांत, कान लाल होईपर्यंत बोलली. लोक आधी हसले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह उभं राहिलं. एका म्हाताऱ्या देणगीदारानं डोळे पुसत तिचा हात धरला. "अपयशाकडे इतक्या हसतमुखानं बघणारं कुणी मी पाहिलं नव्हतं, पोरी."

रॉनी तेवढा बसून होता. बाहेर पार्किंगमध्ये तो म्हणाला, "तू खरं बोललीस ना?"

"हो."

"तीस जागा होत्या. माझी बहीण जॅनेल यादीत एकतिसावी." तो चिडलेला नव्हता, हेच लोवेनाला जास्त लागलं. "तुझी चूक नाही. पण आहे हे असं आहे."

सकाळी ती डार्लीनच्या दारात हजर. "माझं नाव काढा योजनेतून."

"काढायचा फॉर्मच नाही आमच्याकडे. आजवर कुणी मागितलाच नाही!"

"मग कोऱ्या कागदावर लिहून देते."

तिनं लिहून दिलं. जानेवारीत जॅनेल स्टोव्हर आली. लोवेना फी भरायला भोजनगृहात सकाळची पाळी करू लागली, अंडी फेटायची, ट्रे पुसायची आणि मग वर्गात जायची. पुढच्या माहितीपत्रकावर तिचा तोच सुजलेला फोटो आला. खाली नवी ओळ: 'योजनेचा आधार सोडून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली पहिली विद्यार्थिनी'.

पुढं एक विषय सोडला तर सगळ्यांत तिला नव्वदच्या वर मिळाले. शेवटच्या वर्षी 'स्वतःची ओळख करून देणं' हा विषय होता. आरशासमोर उभं राहून 'मी या क्षेत्रातली सर्वोत्तम आहे' असं तीनदा म्हणायचं. लोवेना म्हणाली, "मी बरं करते." त्यात तिला खरोखरच कमी गुण मिळाले, जेमतेम पास होण्यापुरते. आयुष्यातलं हे पहिलं खरं अपयश. ते मात्र कुणी माहितीपत्रकात छापलं नाही.

ती घरी परतली आणि फॉल्मथला तिनं कपडे धुण्याचा व्यवसाय उघडला. सुटीच्या बंगल्यांच्या चादरी, टॉवेल, पडदे. हाताखाली पाच बायका. पहिल्याच उन्हाळ्यात बंदरावरच्या मोठ्या हॉटेलच्या व्यवस्थापकानं बोलावलं. तिथं मात्र तिनं छाती काढून सांगितलं, "सगळ्या कॉर्नवॉलात आमच्याइतकं चांगलं कुणी धुत नाही." व्यवस्थापक दचकला. ही बाई जरा जास्तच बोलते, असं म्हणत त्यानं काम ट्रुरो गावातल्या एका माणसाला दिलं.

त्या माणसानं ऑगस्टच्या ऐन गर्दीत दोनशे चादरी हरवल्या. शुक्रवारी दुपारी व्यवस्थापक स्वतः तिच्या दारात आला. लोवेनानं आपल्या व्हॅनचं मागचं दार उघडलं, आणि पाची बायकांनी शिलकीच्या धुतलेल्या चादरींची गाठोडी हॉटेलसाठी आत टाकायला सुरुवात केली.